पाचचे बटण



आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी महिला सुरक्षेचे ॲप करायचे ठरवले. सुट्टीत केडगावला मावशीला ते मोठ्या ऐटीत दाखवायला गेले, तर तिचा फोन साधा, बटणांचा; आणि तोही दिवसभर काकांच्या खिशात!

खरे तर उपाय साध्या फोनमध्येही असतो. सरकारने 2016 साली नियम केला, की 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला पॅनिक बटण हवे. साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचे, की मदतीसाठी 112 ला फोन लागतो. नेट नको, वाचता येण्याची अट नाही. 5 वरचा बारीक उंचवटा तर अंधारातही बोटाला सापडतो. डिझाइन म्हणतात ते हे! पण मावशीला हे कोणी सांगितलेच नव्हते. आणि आमच्या रूममधल्या तिघींना तरी कुठे माहीत होते?

याच केडगावात पंडिता रमाबाईंनी 1898 मध्ये मुक्ती सदन उभारले. तिथल्या छापखान्यात निराधार मुली स्वतः खिळे जुळवीत. रमाबाईंनी त्यांना नुसता आसरा दिला नाही, यंत्र हातात दिले.

तेव्हा सुट्टीत घरच्या बायकांना हे बटण जरूर दाखवा. गंमत म्हणून मात्र दाबू नका, फोन खरेच लागतो.

आणि काकांच्या खिशातला फोन? त्याला कोड लिहून उपाय नाही. काकांशी बोलावेच लागले.