एमआरआयचा रंग शरीरात किती दिवस राहतो?

एमआरआयचा बोगदा बराच वेळ खडखडत राहतो आणि मग एकदम शांत होतो. टेबल बाहेर सरकते. तंत्रज्ञ हाताच्या कॅन्युलाला सिरिंज जोडतो. "आता रंग सोडतोय, हात हलवू नका," एवढेच सांगतो. कोपरापासून खांद्याकडे गार रेघ चढत गेल्यासारखे वाटते. टेबल पुन्हा आत जाते, खडखड पुन्हा सुरू होते.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिल्या जाणाऱ्या या रंगाच्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेत जवळपास एक ग्रॅम गॅडोलिनियम हा धातू असतो. शरीराला या धातूचा काहीही उपयोग नाही. तपासणी झाली की तो लघवीवाटे निघून जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर दर दीड तासाला रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते आणि चोवीस तासांत बहुतेक सगळा धातू बाहेर पडतो, हे खरेच आहे. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळा' नव्हे. उरलेला अंश हाडांत, कातडीत आणि मेंदूतसुद्धा वर्षानुवर्षे राहतो, हे आता पक्के ठाऊक झाले आहे.

वाशीम जिल्ह्याने हे समजून घ्यायला खास कारण आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख. मोठ्या आजाराची शंका आली की रिसोडचा, मानोऱ्याचा, मंगरुळपीरचा पेशंट अकोला, अमरावती, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. पहिला एमआरआय एका शहरात होतो, ऑपरेशननंतरचा दुसऱ्या, तर दोन वर्षांनंतरचा तिसऱ्याच शहरात. डॉक्टर बदलतो, मशीन बदलते, रंगाचे औषधही बदलू शकते. शरीर मात्र तेच असते आणि प्रत्येक वेळचा थोडा थोडा अंश त्यात साठत जातो.

हाच धातू का?

स्विस रसायनशास्त्रज्ञ मारिन्याक यांना 1880 मध्ये या धातूचा सुगावा लागला. पुढे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांच्या स्मरणार्थ त्याला गॅडोलिनियम हे नाव मिळाले. त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन एकेकटे, जोडीविना असतात. त्यामुळे तो जबरदस्त चुंबकीय असतो. एमआरआय मुळात आपल्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांचे संकेत टिपतो. गॅडोलिनियमजवळ आलेले पाणी आपली चुंबकीय स्थिती झपाट्याने पूर्ववत करते आणि तेवढी जागा चित्रात उजळ, पांढरी उमटते.

याचा फायदा मेंदूत सर्वांत ठळकपणे दिसतो. निरोगी मेंदूत रक्तातले हे औषध सहजासहजी शिरू शकत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा तिथला अडसर पक्का असतो. क्षयाची गाठ, फीतकृमीची पुटी किंवा कर्करोग झाला की तो अडसर फुटतो आणि नेमकी तीच जागा उजळते. साध्या फिल्मवर नुसती अंधूक सूज दिसत असते. रंग दिल्यानंतरच्या फिल्मवर तिथे पांढरी अंगठी उमटते. त्या अंगठीवरून आजार काय, ऑपरेशन लागेल की गोळ्यांनी भागेल, याचा अंदाज येतो. या औषधाने कितीतरी जीव वाचवले आहेत, यात शंका नाही.

दावे आणि कोंडवाडा

मोकळे गॅडोलिनियम विषारी असते. त्याच्या आयनाचा आकार जवळजवळ कॅल्शियमच्या आयनाएवढा असल्यामुळे ते कॅल्शियमचे मार्ग अडवते. म्हणून ते कधीच मोकळे दिले जात नाही. एका सेंद्रिय रेणूत जखडून देतात. जखडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत रेणूची लांब साखळी धातूला विळखा घालते. हे 'रेषीय' औषध. दुसऱ्या तऱ्हेत रेणूचे बंदिस्त कडे असते आणि धातू त्याच्या पोकळीत बसतो. हे 'वलयी' औषध. दाव्याला बांधलेले जनावर हिसडे देऊन सुटू शकते, कोंडवाड्यातले सुटत नाही. तसाच हा फरक आहे. 1988 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध, गॅडोपेन्टेटेट, रेषीय होते. गॅडोडायामाइडही रेषीयच. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल आणि गॅडोटेरिडॉल वलयी आहेत.

शरीरात जस्त आणि लोह असते, फॉस्फेटही असते. औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळले तर हे घटक विळखा सैल करतात. सुटलेले गॅडोलिनियम फॉस्फेटशी संयोग पावते आणि न विरघळणारे क्षार होऊन पेशीजालात बसते. सर्वांत मोठा साठा हाडांत होतो, कारण कॅल्शियम फॉस्फेट हा हाडांचा मूळ मसालाच आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेली हाडे तपासली गेली. रेषीय गॅडोडायामाइड घेतलेल्यांच्या हाडात वलयी गॅडोटेरिडॉल घेतलेल्यांच्या सुमारे अडीचपट गॅडोलिनियम सापडले.

डायलिसिसपासून मेंदूपर्यंत

धोक्याची पहिली घंटा मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये वाजली. 1997 पासून अमेरिकेत काही रुग्णांची कातडी लाकडासारखी टणक होऊ लागली, सांधे आखडू लागले, चालणे बंद झाले. त्या सर्वांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. कारण बरीच वर्षे सापडेना. 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रोब्नर या डॉक्टरांनी दाखवून दिले की त्यांच्या डायलिसिसवरच्या 9 रुग्णांना गॅडोलिनियमचे औषध मिळाले होते आणि त्यांपैकी 5 जणांना हा आजार झाला. निकामी मूत्रपिंडांमुळे औषध रक्तातच राहत होते आणि विळखा सुटायला भरपूर वेळ मिळत होता. 2007 मध्ये अमेरिकेने या औषधांवर कडक इशारा छापायला लावला. आधी मूत्रपिंडांची तपासणी आणि मग रंग, ही शिस्त लागल्यावर हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

मग 2014 मध्ये जपानच्या तोमोनोरी कांदा यांचा शोधनिबंध आला. रंगाचा एमआरआय सहा किंवा अधिक वेळा झालेल्या रुग्णांच्या साध्या, रंग न देता काढलेल्या चित्रांत लहान मेंदूतले एक छोटे नागमोडी केंद्रक पांढरे चमकत होते. जितके डोस जास्त, तितकी चमक जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मृत्यूनंतर 13 रुग्णांच्या मेंदूचे नमुने तपासले आणि त्यांत प्रत्यक्ष गॅडोलिनियम सापडले. या रुग्णांची मूत्रपिंडे साधारणपणे ठीक होती. पेशींची नासधूस झालेली मात्र दिसली नाही.

2017 मध्ये युरोपने गॅडोडायामाइड, गॅडोव्हर्सेटामाइड आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोपेन्टेटेटचा वापर थांबवला. अमेरिकेने औषधे बाजारात ठेवली, पण गॅडोलिनियम शरीरात उरते आणि रेषीय औषधांचे जास्त उरते, हे रुग्णांना लेखी सांगणे बंधनकारक केले. मूत्रपिंडे चांगली असलेल्या माणसाला या उरलेल्या अंशाने आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही. काही जण हाडे दुखणे, कातडीची आग होणे, विचारांत गोंधळ होणे अशा तक्रारी सांगतात. त्या ऐकून घ्यायलाच हव्यात, पण त्यांचा गॅडोलिनियमशी नेमका संबंध अजून ठरलेला नाही.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला एमआरआय या भीतीने टाळू नका. न सापडलेली गाठ उरलेल्या धातूपेक्षा फार जास्त धोक्याची असते.

दुसरी, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. डायलिसिस सुरू असेल तर ते कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

तिसरी, "रंग लागणारच आहे का? तो वलयी प्रकारचा आहे का?" हे मोकळेपणाने विचारा. सरकलेली मणक्याची गादी किंवा गुडघा पाहायला बहुतेक वेळा रंग लागत नाही. सीटी स्कॅनची डाय आयोडीनची असते, तिचे गणित वेगळे; या दोन्हींची गल्लत करू नका.

चौथी, धातू 'धुऊन काढण्या'च्या महागड्या उपचारांच्या मागे लागू नका. साठलेले गॅडोलिनियम काढून रुग्णाला फायदा होतो, हे सिद्ध झालेले नाही, आणि अशा औषधांबरोबर शरीराला लागणारे जस्तही निघून जाते.

पाचवी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रिपोर्टवर बऱ्याचदा नुसते 'कॉन्ट्रास्ट देऊन' एवढेच लिहिलेले असते. औषधाचे नाव, किती मिलिलिटर आणि तारीख, या तीन गोष्टी लिहून मागा.

यामागे इतिहास आहे. 1930 ते 1950 च्या दशकांत एक्स-रेसाठी थोरोट्रास्ट नावाचे किरणोत्सर्गी थोरियमचे औषध जगभर दिले गेले. ते यकृतात कायमचे बसले आणि वीस-तीस वर्षांनी तिथे कर्करोग उपटले. गॅडोलिनियमचे औषध किरणोत्सर्गी नाही, त्यामुळे तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण थोरोट्रास्टचे नुकसान नेमके किती, हे जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपानला मोजता आले, कारण कुणाला ते औषध दिले होते याच्या नोंदी तिथल्या रुग्णालयांनी जपल्या होत्या.

वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे घडणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर औषधाचे नाव आणि मात्रा लिहायची सवय आत्ताच लावून घ्यावी. या नोंदीला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पंचवीस वर्षांनी एखाद्या संशोधकाला या धातूचा हिशेब मांडायचा झाला, तर चार शहरांत चार एमआरआय झालेल्या मानोऱ्याच्या माणसाला कधी काय दिले होते, हे त्या नोंदीतूनच कळू शकेल.