राक्षसाला मालक नव्हता!

वसई : किल्ल्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूने हिंडताना ज्याला १७३९ चा वेढा आठवला नाही, असा वसईकर विरळा. सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि मे महिन्यात किल्ला चिमाजीअप्पांच्या हाती आला. आता समजा, या वेढ्याचा कोणी बैठा खेळ करायचे ठरवले, तर तो दोन प्रकारे मांडता येईल. एकाने मराठ्यांची फौज घ्यायची, दुसऱ्याने पोर्तुगीजांची आणि फासे टाकत टेबलावरचे शिशाचे सैनिक पुढेमागे करायचे, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात फौज कोणालाच मिळत नाही. एकाने खिंडारातून शिरणारा शिपाई व्हायचे, दुसऱ्याने सुरुंग खणणारा बेलदार, तिसऱ्याने वाट दाखवणारा गावकरी. एक जण सूत्रधार. 'समोर अंधार आहे, आता तू काय करशील?' असे तो विचारणार आणि ज्याने-त्याने आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचे.

अमेरिकेत पहिल्या प्रकारातून दुसरा निघाला, त्याला अर्धशतक उलटून गेले. मिनेसोटातील डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक गावाचा पट मांडला आणि खेळाडूंना सैन्याऐवजी माणसे वाटून दिली. त्यांच्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ मध्ये हीच युक्ती तळघरे, भुयारे आणि अक्राळविक्राळ प्राण्यांच्या जगात नेली. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातील गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह मध्ययुगीन लढायांचे एक नियमपुस्तक काढले होते. त्याच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांचेही नियम होते. या दोन वाटा एकत्र आल्या आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्माला आला.

हा खेळ छापायला प्रस्थापित प्रकाशक तयार होईनात. गायगॅक्स यांची विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्येच गेली होती आणि घरी बसून जोडे दुरुस्त करण्यावर त्यांचा प्रपंच चालला होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही संस्था काढली. के यांनी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढले. तरीही पैसे पुरेनात, तेव्हा ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार आले. जानेवारी १९७४ मध्ये लाकडी नक्षीचा कागद डकवलेल्या खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती फक्त १,०००. मुंबईकर जसा शनिवार-रविवारी अर्नाळ्याला येतो, तसे शिकागोकर ज्या लेक जिनिव्हा नावाच्या गावी जातात, तेथे घरातच बसून ही खोकी भरली गेली. साधारण वर्षभरात ती संपली. के यांना मात्र पुढची भरभराट दिसली नाही. जानेवारी १९७५ च्या अखेरीस हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

या खोक्यातला माल ओतला गेला होता तो जगभरच्या गोष्टींतून, आणि गोष्ट कोणाची, हा प्रश्न तेथेच सुरू होतो. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीच्या पत्रिकेत एक नवा प्राणी अवतरला. नाव 'राक्षस'! तो विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन येतो आणि मंतरलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणाने मरतो. रूप पालटण्याचे ठीक. मारीच सोन्याचा हरीण झाला होताच. पण तो बाण कोठला? आपल्या आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा. त्याचे उत्तर १९७४ च्या 'कोल्चॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत सापडते. तिच्या एका भागातील राक्षसाला हीच दोन लक्षणे होती. गायगॅक्स यांनी तो तेथूनच उचलला, असे मानले जाते. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे तोंड, अंगात उंची कोट आणि पाइपही दिला. पुढील आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे झाले. (आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, हे त्यांच्या कानावर गेले होते की काय, कोण जाणे!) त्याच पुस्तकात तीन जातींचे नागही आले.

याबद्दल कोणीही हरकत घेतली नाही. घेणार कोण? त्याच वर्षी टोल्किन यांच्या कथाविश्वावरील व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांनी मात्र वकिलामार्फत डोळे वटारले. झाले, 'हॉबिट'चा 'हाफलिंग' झाला, 'एंट' या चालत्या वृक्षाचा 'ट्रिएंट' आणि 'बॅलरॉग'चा 'बॅलोर'. प्राणी तेच, पाट्या बदलल्या. १९८० मध्ये देवदेवतांवर पुस्तक निघाले, तेव्हा त्यात लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक या लेखकांच्या कल्पित दैवतांची दोन प्रकरणे होती. त्यांच्यावरील खेळाचे हक्क 'केऑसियम' या दुसऱ्या प्रकाशकाकडे असल्याने पुढे ती गळाली. इंद्र, अग्नी, काली यांचे प्रकरण जागेवरच राहिले. त्यांना किती घाव सोसतील, याचे आकडेही तेथे दिलेले होते. आज हे वाचताना हसावे की रागवावे, कळत नाही.

खुद्द खेळाची कल्पना तरी कोणाची? अमेरिकी कायद्यानुसार नियमांमागच्या कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो शब्दांवर असतो. म्हणूनच १९७५ मध्ये केन सेंट आंद्रे यांनी मूळ नियम किचकट वाटले म्हणून स्वतःचे नियम लिहिले आणि 'टनेल्स अँड ट्रोल्स'च्या १०० प्रती छापून घेतल्या. घरातला वाद मात्र कोर्टात गेला. खेळाच्या नव्या आवृत्तीवर मानधन नाकारल्याने आर्नेसन यांनी १९७९ मध्ये कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड होऊन सहनिर्माता म्हणून त्यांचे नाव मान्य झाले. गायगॅक्स यांनाही १९८५ मध्ये स्वतःच उभारलेल्या कंपनीचा ताबा गमवावा लागला. १९९७ मध्ये ती 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली.

या नव्या मालकांनी २००० मध्ये नियमांचा मोठा भाग इतर प्रकाशकांना खुला केला. स्वतः निर्मिलेले काही प्राणी, उदाहरणार्थ अनेक डोळ्यांचा 'बिहोल्डर', त्यांनी राखून ठेवले; राक्षस आणि नाग खुल्या यादीत टाकले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा घाट फुटला, खेळाडू खवळले आणि त्याच महिन्यात कंपनीला नियमांचा मजकूर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली द्यावा लागला. त्यामुळे आता एखाद्या मराठी प्रकाशकाला हे नियम मराठीत आणून त्यावर वसईच्या वेढ्याचा पट छापता येईल, त्यात राक्षसही घालता येईल. आजीच्या गोष्टीतला घातला तर कोणाला विचारायला नको. वाघाच्या तोंडाचा तो राक्षस मूळ मजकुरासह घेतला, तर मात्र पुस्तकात अमेरिकी कंपनीचा नामनिर्देश करणे बंधनकारक आहे.