दातांच्या जोरावर जगणारा सील

ज्यांना इयरफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. आज जायचंय अंटार्क्टिकाला, वेडेल सीलकडे. इतक्या दक्षिणेला पिल्लं घालणारा दुसरा सस्तन प्राणी नाही.

आता प्रॉब्लेम बघा. सीलला श्वास हवेतूनच घ्यावा लागतो, तुमच्या-माझ्यासारखा. पण त्याचे मासे बर्फाखाली. पाणी उणे 1.9 अंश (खारं असल्यामुळे शून्याला गोठत नाही) आणि वरचा बर्फ काही ठिकाणी दोन मीटर जाड. मग हा श्वास घेतो कुठे?

बर्फातल्या भेगांमध्ये आणि भोकांमध्ये. पण भोक असंच सोडलं तर ते पुन्हा गोठणार. म्हणून वेडेल सील ते दातांनी तासत राहतो. त्याचे वरचे पुढचे दात आणि सुळे बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात. जबडा वासायचा आणि डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत बर्फ खरवडायचा, करवत चालवल्यासारखा. अख्खा हिवाळा हेच काम. यात दात झिजतात, पार मुळापर्यंत. मग पू होतो, शिकार पकडणं अवघड जातं, भोकही राखता येत नाही. तिथून पुढे फार दिवस नसतात.

एवढं असूनही तिथेच का राहायचं? कारण किनाऱ्याला चिकटलेल्या या सलग बर्फाखाली किलर व्हेल येत नाही. तिलाही श्वास लागतो आणि तिला बर्फ असा तासता येत नाही. दात देऊन सुरक्षितता घ्यायची, असा हा सौदा. मला तरी तो महागच वाटतो.

बर्फाखाली सील नेमकं काय करतो, हे कळलं ते जेरल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. 1960 च्या दशकात मॅकमर्डो साउंडमध्ये त्यांनी एक भारी युक्ती केली. आसपास दुसरी भेग नाही अशा जागी बर्फात भोक पाडलं आणि सीलला तिथून आत सोडलं. आता श्वास घ्यायला त्याला त्याच भोकाशी परत यावं लागणार! पाठीवर खोलीची नोंद करणारं यंत्र, आणि ते बनवलं होतं साठ मिनिटांच्या किचन टायमरपासून. आजच्या सगळ्या डायव्ह-लॉगरचा हा खापरपणजोबा.

नोंदी निघाल्या त्या अशा: सहाशे मीटरपर्यंत खोली आणि वेळ पडली तर तासाभराची बुडी. आपण पाण्यात उडी मारताना छाती भरून श्वास घेतो, सील मात्र श्वास सोडून जातो. त्याचा ऑक्सिजन फुप्फुसात कमी आणि रक्तात, स्नायूंत जास्त साठलेला असतो. वजनाच्या मानाने रक्त आपल्या दुपटीहून जास्त, आणि स्नायूंत मायोग्लोबिन इतकं की मांस जवळजवळ काळं दिसतं. खोलवर दाबाने फुप्फुसं मिटतात, त्यामुळे नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही. मेंदूचा पुरवठा चालू राहतो, बाकी अवयवांचा कमी होतो आणि हृदय मंदावतं. थोडक्यात, बॅटरी सेव्हर मोड.

पण हा मोड फुकट नाही. साधारण वीस मिनिटांनंतर शरीरात लॅक्टिक आम्ल साठायला लागतं आणि मग वर येऊन बराच वेळ नुसतं पडून राहावं लागतं. म्हणून रोजच्या बहुतेक बुड्या वीस मिनिटांच्या आतल्याच. तासाभराची बुडी मारतो तो बहुतेक वेळा नवं भोक शोधायला निघालेला असतो. ते सापडलं नाही तर काय, हे सांगायला नको.

आता शास्त्रज्ञ सीलच्या डोक्यावर छोटा सेन्सर चिकटवतात. जहाजं पोचत नाहीत तिथल्या पाण्याचं तापमान आणि क्षारता त्यात नोंदली जाते, आणि सील वर आला की डेटा उपग्रहाकडे जातो. वर्षाला केस गळतात, त्यांच्याबरोबर सेन्सरही पडून जातो. भारताचं भारती स्टेशन आहे त्या प्रिड्झ बेच्या किनाऱ्यावरही हे सील असतात. तिथल्या मोहिमा गोव्यातल्या वास्कोच्या संस्थेतून आखल्या जातात. कुणी ओळखीचं तिथे जाऊन आलं असेल तर नक्की विचारा, बर्फाखालून येणारे सीलचे आवाज ऐकले का म्हणून. शिट्ट्या, चिवचिवाट, मध्येच लेझर गन सुटल्यासारखं काहीतरी. ऑडिओच्या शेवटी लावलंय तेच.