पोलंडची आजी, लोह्याचं पातेलं

रात्रीचे साडेअकरा. उद्या इंटर्नल आहे, समोर नोट्स उघड्या आहेत आणि तुम्ही रिल बघताय. स्क्रीनवर कुणीतरी एक पाव कापतं. आत काळ्या-सोनेरी वळ्याच वळ्या. तुम्ही रिल सेव्ह करता आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाता. बरोबर ना?

मी विसरले नाही. सुट्टीत लोह्याला घरी आले आणि जाहीर केलं, 'मी बाबका करणार!' आई म्हणाली, 'कोण बाबका?'

गंमत म्हणजे आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. पोलिश भाषेत 'बाबका' म्हणजे आजीच. उंच, चुण्या असलेल्या भांड्यात भाजलेला हा गोड पाव आजीच्या घेरदार झग्यासारखा दिसायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

उरलेल्या पिठाची गोष्ट

आज महागड्या कॅफेत मिळणारा हा पदार्थ मुळात काटकसरीचा. पोलंड-युक्रेनकडच्या ज्यू घरांत शुक्रवारी शब्बाथसाठी 'हाला' नावाचा वेणीसारखा पाव करायचे. त्याचं पीठ उरलं की बायका ते लाटायच्या, त्यावर जॅम, दालचिनी नाहीतर खसखस पसरायच्या, गुंडाळी करायच्या आणि पावाबरोबरच भाजून घ्यायच्या. ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. चॉकलेट त्यात आलं ते खूप नंतर, अमेरिकेत. तिथल्या 'साइनफेल्ड' मालिकेच्या १९९४ मधल्या एका भागात तर चॉकलेट बाबका संपला म्हणून मोठा गोंधळ होतो!

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यू धर्मनियमांनुसार मांस आणि दूधदुभतं एकाच जेवणात चालत नाही. म्हणून हा पाव बऱ्याचदा लोण्याऐवजी तेलात व्हायचा. म्हणजे नियम आडवा आला की स्वयंपाक थांबत नाही, तो दुसरी वाट काढतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आमच्या घरात कामाला आलं.

मग आपले मराठी ज्यू?

'आपले' म्हणजे बेने इस्राएल. शेकडो वर्षं कोकणात राहिलेला, घरात मराठी बोलणारा ज्यू समाज. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून पडलेली : पेणकर, राजपूरकर, दिवेकर. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ त्यांचं १७९६ सालचं सिनेगॉग आहे. पुण्याला शिकायला असाल तर कॅम्पातलं लाल देऊळ तुम्ही पाहिलं असेलच. तेही सिनेगॉगच, १८६७ चं, पण ते बगदादी ज्यूंनी बांधलेलं.

या मराठी ज्यूंच्या घरात बाबका नव्हता. तो युरोपातल्या थंडीचा आणि भट्टीचा पदार्थ. यांच्याकडे नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा व्हायचा आणि त्यात पडायचं नारळाचं दूध. कारण पुन्हा तेच, मांसाच्या जेवणानंतर गाईचं दूध चालत नाही! पोलंडच्या बाईने तेल घेतलं, अलिबागच्या बाईने नारळ. अडचण सेम, उत्तर ज्याच्या त्याच्या परसातलं.

त्यांच्या सणांची जुनी नावं तर ऐकाच : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. पुरीम हा सण होळीच्या आसपास येतो, म्हणून त्याचं नाव चक्क 'होळीचा सण'. आणि त्या दिवशी ताटात पुरणपोळी! १९४८ नंतर यातले बरेच जण इस्राएलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. बाबका आणि पुरणपोळी एकाच देशात आली ती अशी.

होळीची पोळी

पुरणपोळीचा विषय निघाला म्हणून घरातलं सांगते. आमच्या गल्लीत पुरणपोळी म्हटलं की माझी आजी. पण दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण आजी पोळपाटापाशी परत आली नाही. 'हातात जोर न्हाई,' एवढंच म्हणायची. हळूहळू आम्हीही विचारायचं बंद केलं. यंदाच्या होळीला पोळ्या विकत आणल्या. आजीने अर्धी खाल्ली आणि ताट सरकवलं. कुणी काही बोललं नाही.

त्यात आजी माळकरी. घरात अंडं येत नाही आणि रिलमधल्या बाबक्यात तर अंडी. मग काय, दुसरी वाट. अंड्याऐवजी दही.

तीनदा फजिती

पहिला बाबका फुगलाच नाही. मी यीस्ट चहाइतक्या गरम दुधात टाकलं होतं. यीस्ट हा जिवंत जीव आहे. त्याला साधारण ३८ ते ४० अंशांचं कोमट दूध आवडतं, ५५-६० अंशांच्या वर तो मरतो. थर्मामीटर नको, बोट बुडवा. बोटाला सुखाचं वाटलं तर यीस्टलाही वाटेल.

दुसरा जास्तच फुगला. रिलमधली बाई म्हणते 'दीड तास ठेवा'. पण ती राहते थंड देशात आणि आपण मे महिन्यातल्या मराठवाड्यात, जिथे पारा ४२-४३ वर जातो! मी पीठ झाकून ठेवलं आणि झोपले. उठून बघते तर पीठ भांड्याबाहेर, आंबट वास आणि हात लावताच खाली बसलं. धडा : घड्याळ बघू नका, पीठ बघा. दुप्पट झालं की पुढचं काम. आमच्याकडे ते पाऊण तासात होतं.

तिसऱ्या वेळी हुशारी केली आणि आत गूळ भरला. गूळ पातळ होऊन बाहेर आला, डब्याच्या बुडाला जळला. तो डबा मी दोन दिवस घासत होते.

'मळलीस, तिंबलीस कुठं?'

चौथ्यांदा पीठ भिजवत होते तेव्हा आजी दारात येऊन उभी राहिली.

'काय करायलीस गं?'

'बाबका.'

'चारदा?'

मग ती जवळ आली आणि बोटाने पीठ दाबून बघितलं. 'ही मळलीस. तिंबलीस कुठं? हाताला चिकटायली म्हणून वरून पीठ टाकू नको. तेल लाव अन् आपट.'

मी इंटरनेटवर ग्लुटेनबद्दल वाचलं होतं. मैद्यातली प्रथिनं पाण्यात एकमेकांना धरतात, मळून-ताणून त्यांचं जाळं होतं आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो. पिठाचा तुकडा ताणल्यावर फाटू नये, त्यातून उजेड दिसावा, ही त्याची परीक्षा. आजीला हे सगळं ठाऊक होतं, फक्त तिच्या शब्दात ते 'तिंबणं' होतं. पुरणपोळीची कणीक नाहीतर फाटणार नाही का?

मी आपटत होते, ती बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, 'सरक.' आणि डाव्या हाताने पीठ ओढलं, उजव्याने नुसता आधार दिला. मध्ये दोनदा थांबली, मनगट चोळलं. पाच-सात मिनिटं झाली असतील. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली होती.

तुम्हाला करायचा असेल तर

साहित्य : मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट १ चमचा, साखर ३ मोठे चमचे, मीठ अर्धा चमचा, कोमट दूध १२० मिली, दही २ मोठे चमचे, मऊ लोणी ४० ग्रॅम. सारणासाठी खसखस ५० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं २ चमचे, वेलची, चमचाभर तूप.

● लोणी सोडून सगळं एकत्र भिजवा. लोणी शेवटी थोडं थोडं घालत १५ मिनिटं तिंबा. झाकून दुप्पट होऊ द्या.

● खसखस तासभर गरम दुधात भिजवून वाटा, बाकी सगळं घालून घट्ट होईपर्यंत परता आणि गार करा. सारण पातळ राहिलं तर माझ्या गुळासारखं पळून जाईल. खसखस महाग वाटली तर कोको, पिठीसाखर आणि लोणी चालेल.

● पीठ चौकोनी लाटा, सारण पसरा, घट्ट गुंडाळी करा. २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून उभी चिरा. लाइट गेली आणि गुंडाळी मऊच राहिली तर सुरीऐवजी दोरा वापरा, कड चेपत नाही. दोन्ही भागांचा पीळ घाला, कापलेली बाजू वर. तूप लावलेल्या ७ इंची डब्यात गोल बसवा आणि परत अर्धा तास फुगू द्या.

● ओव्हन नाही? जुनं जाड बुडाचं पातेलं घ्या. तळाला किलोभर जाडं मीठ, त्यावर स्टँड. झाकण लावून १० मिनिटं तापवा, मग डबा ठेवा. मध्यम-मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. विणायची सुई घालून बघा, कच्चं पीठ चिकटायला नको. वरून रंग फिका राहतो, त्यावर उपाय म्हणून गरम असतानाच साखरेचा पाक लावा. मीठ फेकू नका, पुढच्या वेळेला वापरा. भाजीत मात्र नको.

शेवटचा तुकडा

चौथा बाबका जमला. एका बाजूने थोडा बसका, पण कापल्यावर आत रिलसारख्याच वळ्या. पहिला तुकडा आजीला दिला. तिने तो उलटून-पालटून बघितला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय.

'गोड कमी हाय,' ती म्हणाली. मग रिकामी बशी माझ्यापुढे धरली. 'हरभऱ्याची डाळ भिजू घाल रात्री. उद्या ह्यात पुरण भरू.'