टिळक व आगरकर यांचा मतभेद

हल्लीं राजकारणावर बोलणें निघालें, कीं सनातनी व उदारमतवादी असे दोन पक्ष तत्काळ पडतात. अंबरनाथ-बदलापूरच्या आगगाडींतही हा अनुभव येतो. महाराष्ट्रास हा वाद नवा नाहीं.

गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक हे कॉलेजांतील मित्र. १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. पुढच्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढिले. पुढें मतें जुळेनात. १८८८ सालीं आगरकरांनीं 'सुधारक' काढिला.

कलकत्त्याच्या फुलमणी दासी या अल्पवयी विवाहितेच्या, पतीच्या अत्याचारानें झालेल्या मृत्यूनें देश हादरला. १८९१ च्या कायद्यानें मुलींचें संमतिवय १० वरून १२ वर्षें केलें. रूढीनें जिचा जीव जातो, तिनें समाज जागा होईपर्यंत थांबावें कां, हा आगरकरांचा प्रश्न. परक्या सरकारानें घरच्या चालीरीतींत हात घालूं नये, सुधारणा शिक्षणानें व लोकांच्या संमतीनें व्हावी, हा टिळकांचा पक्ष. म्हणजे बालविवाह चांगला कीं वाईट, हा वाद नव्हता. तो कोणीं व कोणत्या मार्गानें थांबवावा, हा होता.

वाद विकोपास गेला. विरोधकांनीं आगरकरांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढिली. १८९५ सालीं ते वारले, तेव्हां 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीं.

विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें घ्यावें: प्रतिपक्षाचें म्हणणें त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडतां आल्यावांचून त्याचें खंडन करूं नये; आणि ज्याच्या हितासाठीं वाद आरंभिला, त्यास जिंकण्याच्या भरांत विसरूं नये.