नाताळ पोर्तुगीज, ट्री इंग्रजी : घरातल्या झाडाची निवड आणि सजावट

डिसेंबर लागला की बेळगावातल्या नर्सऱ्यांत एक गंमत दिसते. एरवी मागच्या कोपऱ्यात असलेल्या अरोकेरियाच्या कुंड्या पुढच्या रांगेत येतात. बाजूला मोरपंखी असते, आणि बाजारात प्लास्टिकची घडीची झाडं. तिन्हींचं नाव एकच, 'ख्रिसमस ट्री'. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, "यातलं खरं कुठलं?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधताना बरीच पानं उलटावी लागली. ते उत्तर इथे मांडतो. घरी झाड आणणाऱ्यांना त्याचा रोजचा उपयोगही आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. सणाला आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. झाडाला मात्र बोलताना कुणी 'नाताळचं झाड' म्हणत नाही. तिथे सरळ इंग्रजी 'ख्रिसमस ट्री' येतं. सण एका वाटेनं आला आणि झाड दुसऱ्या वाटेनं, असं ही शब्दांची जोडी सुचवते. शब्द म्हणजे काही कागदोपत्री पुरावा नव्हे, पण खूण चांगली आहे. आणि बाकीचा इतिहास तिच्याशी जुळतो.

झाडाचं माहेर जर्मन भाषेचा मुलूख. तिकडे २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस मानत. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात स्वर्गातलं झाड दाखवायला फर नावाच्या सूचिपर्णी झाडाला सफरचंदं टांगत. हिवाळ्यात बाकी सगळं निष्पर्ण, हिरवं तेवढं हेच. म्हणून हे झाड. १६०५ साली स्ट्रासबुर्ग शहरातल्या एका प्रवाशाच्या टिपणात घरातल्या झाडांचं वर्णन मिळतं. त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापडीसारखे बिस्किटाचे तुकडे, सोनेरी वर्ख आणि साखर लावलेली होती. ही यादी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. यात विकत आणायची महागडी वस्तू जवळपास नाही. सगळं स्वयंपाकघरातलं, नाहीतर कात्रीनं कापलेलं.

इंग्लंडात हे झाड राजवाड्यातून शिरलं. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट जर्मन. तिनं १८०० साली विंडसरला मुलांसाठी झाड उभारलं, पण ते फरचं नव्हतं, 'यू' नावाच्या तिथल्या झाडाचं होतं. पुढे १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन नवरा आल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं, आणि मध्यमवर्गात त्याची लाट आली. याच सुमारास आल्बर्टचा चुलतभाऊ फर्नांदो पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिचा नवरा होता. त्यानं लिस्बनच्या राजवाड्यात झाड आणलं. तेव्हा गोवा याच राणीच्या अमलाखाली होता. पण राजवाड्याबाहेर पोर्तुगीज घरांत मान राहिला तो गोठ्यालाच, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला.

गोव्यात नाताळ सोळाव्या शतकापासून आहे. म्हणजे लिस्बनच्या त्या झाडाआधी जवळजवळ तीनशे वर्षं गोव्याचा नाताळ झाडाशिवाय सुखानं चालला होता. आजही गोव्यातल्या ख्रिस्ती घरात आधी गोठा आणि चांदणी, झाड नंतर. गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून नाचणी किंवा गहू आधीच रुजत घालतात. हे वाचून बेळगावकराला आपला दिवाळीचा किल्ला आठवेल. आपणही त्यावर हळीव-मोहरी पेरतोच की. बेळगावचा किल्ला १८१८ साली कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, पुढे कॅम्प वसला. त्यामुळे गोव्याकडचा गोठा आणि इंग्रजांकडचं झाड या दोन्ही वाटा आमच्या गावात एकत्र आल्या.

आता मूळ प्रश्न. खरं झाड कुठलं? स्ट्रासबुर्गला फर, विंडसरला यू. ज्या मातीत जे हिरवं मिळालं ते. म्हणून मला विचाराल तर आपल्याकडे जे जगेल तेच आपलं खरं झाड. निवडीचे पर्याय असे :

अरोकेरिया. मूळचं दक्षिण पॅसिफिकमधलं. १७७४ साली कॅप्टन कुकनं न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक बेटावर ही झाडं पाहिली आणि त्यात त्याला जहाजाच्या डोलकाठ्या दिसल्या. नर्सरीत 'नॉरफोक पाइन' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा त्याचा भाऊबंद 'कुक पाइन' असतं. त्याची एक मजा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही झाडं जगभर विषुववृत्ताकडे कलतात, सरासरी साडेआठ अंशांनी. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. जुन्या बंगल्याच्या आवारात उंच कुक पाइन असेल तर ओळंबा धरून बघा. कुंडी निवडताना खोड सरळ, फांद्यांचे मजले सारख्या अंतरावर आणि शेंडा शाबूत आहे ना, एवढं पाहा.

शेंड्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षी झाड छताला लागत होतं आणि वर चांदणी बसवायची होती. इंजिनियरी डोक्यानं हिशोब केला आणि वरचे नऊ इंच छाटले. चांदणी झोकात बसली. पण अरोकेरियाची वरची वाढ त्या एका शेंड्यातून होते. बाजूची फांदी त्याची जागा सहजी घेत नाही. फांदी कापून लावली तरी ती आडवीच वाढते. माझं झाड आज अंगणात आहे, जिवंत आहे, पण डोक्यावर थापट मारल्यासारखं दिसतं. दर डिसेंबरात ते मला ती छाटणी आठवून देतं. तेव्हा छत मोजून मगच झाड घ्या. कुंडी, झाड आणि चांदणी मिळून छतापासून वीतभर तरी खाली राहिलं पाहिजे.

मोरपंखी. स्वस्त आणि चिवट. पण पानं पंख्यासारखी दाट, आत काही टांगता येत नाही. हिला फक्त बाहेरून माळ गुंडाळायची.

सुरू. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची. पाइनसारखी दिसते, पण पाइन नव्हे. हे फुलं येणारं झाड. फांदी ओल्या वाळूच्या बादलीत उभी केली तर सण निभतो. मात्र किनाऱ्यावरची सुरू वाळू आणि वारा अडवायला लावलेली असते. तिथून ओरबाडून आणू नये, स्वतःच्या आवारातली छाटणीची फांदी घ्यावी.

प्लास्टिक. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टच्या हिशोबात २ मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. घरात आधीच असेल तर टाकू नका, जमेल तितकी वर्षं वापरा. तोच त्याचा न्याय.

सजावटीत पहिला नियम वजनाचा. ५० ग्रॅमची वस्तू खोडापासून १० सेंटिमीटरवर टांगली आणि तीच ४० सेंटिमीटरवर टांगली, तर फांदीच्या मुळावर चौपट ताण येतो. म्हणून जड वस्तू खोडाजवळ, हलक्या टोकाला. क्रमही ठरलेला असावा : आधी दिव्यांची माळ, मग कागदी माळा, शेवटी सुट्या वस्तू. उलटं केलंत तर सगळं दोनदा करावं लागतं.

आता ती १६०५ ची यादी काढा. फळं? सावंतवाडीची लाकडी रंगीत फळं आत, खोडालगत. कागदाचे गुलाब? दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला कागद आहेच. भेंडाची फुलं तर टोकाच्या फांदीसाठीच जन्मलेली, वजन नसल्यासारखी. साखर म्हणून पाडव्याच्या गाठी टांगायचा मोह होईल. टांगा, पण मुंग्यांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करा. काचेचे गोळे नंतरचे. एकोणिसाव्या शतकात थुरिंगियातल्या लाउशा गावच्या काचकामगारांनी ते आणले.

दिव्यांचं सांगायचं तर पूर्वी झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावत आणि जवळ पाण्याची बादली ठेवत. १८८२ साली न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं लाल, पांढऱ्या, निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांनी झाड सजवलं. आपण मात्र थेट २३० व्होल्टवर चालणारी स्वस्त माळ जिवंत झाडावर घालू नये. कुंडीची माती ओली असते आणि मुलांचे हात तिथेच असतात. ५ व्होल्टची यूएसबी माळ पुरते. पाणी घालताना तीही बंद करा.

शेवटचं काम ६ जानेवारीचं, तीन राजांच्या फेस्ताच्या दिवसाचं. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कांसावली इथे हे फेस्त थाटानं होतं, आणि सणाचे बारा दिवस तिथे संपतात. त्या दिवशी सजावट उतरवा, झाड पुन्हा उजेडात न्या. एकदम भर उन्हात नको, आठवडाभर सावलीत ठेवून मग. डिसेंबरात विकत घेतलेली कितीतरी झाडं उन्हाळ्यापर्यंत वाळतात, कारण ती अंधाऱ्या कोपऱ्यात विसरली जातात. सण बारा दिवसांचा असला तरी झाड बारा महिन्यांचं आहे, हे धरून निवड केली की बाकीचं आपोआप जमतं. आणि शेंडा तेवढा छाटू नका.