छायाचित्रणाचा छंद : मिल्कवीडच्या एका झुडपापासून

किडामुंगीएवढ्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढण्याची हौस आपल्या मंडळींत बरीच दिसते. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात या छंदाची सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे. लेन्सचे मागाहून पाहू. आधी मिल्कवीडचे एखादे झुडूप हेरून ठेवा.

ते शोधायला रानात जावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला, कुंपणालगत, गवत न कापलेल्या कोपऱ्यात ते उगवते. जाड लवदार पाने, पान तुटले की पांढरा चीक, जून-जुलैत गुलाबी फुलांचे गोंडे आणि पुढे शेंगा फुटून उडणाऱ्या म्हाताऱ्या. ओळख पटली ना? शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात त्या रुईचेच हे भावंड. दोघांचे कुळ एकच, कण्हेरीचे. आपल्याकडे रुईवर केशरी रंगाचे 'प्लेन टायगर' फुलपाखरू अंडी घालते. येथे मिल्कवीडवर त्याचा जातभाई मोनार्क घालतो. दोघांच्याही अळ्या तो विषारी चीक पचवून स्वतः कडू होतात आणि पाखरे त्यांच्या वाटेला जात नाहीत.

झुडूप सापडले की कोवळी पाने हलकेच उलटून पाहावीत. पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे, दुधी रंगाचे, उभ्या रेघांचे एखादे अंडे दिसेल. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. दोन आठवड्यांत ती पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दीडपावणेदोन इंच लांब होते. त्याच झुडपावर तांबडे भुंगेरे, पिवळाधमक मावा आणि माव्यावर टपलेले लेडीबर्ड असतातच. एकाच झुडपाकडे रोज दहा मिनिटे गेलात तर महिनाभर विषयाची ददात नाही. दर रविवारी नवे उद्यान गाठणाऱ्यापेक्षा असा माणूस चांगले फोटो काढतो, असे आमचे मत आहे.

आता साधने. हल्लीच्या पुष्कळ फोनमध्ये मॅक्रोची सोय असते. पहिला महिना तीवर निभावतो. घरात अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी. ती म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवली की तीच लेन्स अधिक जवळचे टिपू लागते. खरी मॅक्रो लेन्स महाग. तिच्यात वस्तू जेवढी तेवढीच प्रतिमा सेन्सरवर उमटते. घ्यायचीच तर १०० मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी; ५०-६० ची घेतली तर किड्याच्या इतके जवळ जावे लागते की आपलीच सावली त्याच्यावर पडते.

नवख्याची निराशा होते ती निराळ्याच कारणाने. इतक्या जवळून फारच थोडे स्पष्ट दिसते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर वस्तूएवढीच प्रतिमा घेताना एफ/८ ला स्पष्ट भागाची खोली सुमारे १ मिलिमीटर असते, एफ/१६ ला सुमारे २. त्यापुढे अॅपर्चर बारीक केले तर सगळेच चित्र मऊ पडू लागते. तेव्हा अळी समोरून न घेता बाजूने घ्यावी, तिचे अंग कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर राहील असे. फुलपाखराच्या मिटलेल्या पंखांनाही हेच लागू. ऑटोफोकस बंद करून स्वतःच केसभर मागेपुढे झुलावे आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबावे. दहांतला एक साधला तरी पुष्कळ.

वारा हा दुसरा वैरी. शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नये. सकाळी लवकर जावे. वारा पडलेला असतो, पानांवर दव असते आणि गारठलेले किडे जागचे हलत नाहीत. भर दुपारच्या उन्हात मधे एक पांढरा कागद धरला तरी प्रकाश मवाळ होतो. फ्लॅशवरही तसाच पातळ कागद लावावा.

किडा स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे किंवा फांदीच तोडून घरी आणणारे महाभाग असतात. तसे करू नये. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांनी मिल्कवीड संपत आले, मोनार्कची संख्या घसरली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने त्याला संकटग्रस्त ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. ऑगस्टअखेर आपल्या कोपऱ्यावर जन्मणारी पिढी मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत उडत जाते. तेथले तिचे हिवाळी मुक्काम शास्त्रज्ञांना १९७५ साली कळले. फोटोसाठी मोडलेली फांदी म्हणजे त्यातला एखादा प्रवासी कमी. मागच्या अंगणात मिल्कवीड उगवले असेल तर गवत कापणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. शेजारी नाक मुरडतील; त्यांना अळी दाखवावी, मुले तरी आपल्या बाजूची होतात.

गवतात गुडघे टेकण्यापूर्वी विजार मोज्यांत खोचा. येथली हरणांवरची गोचीड लाइम रोग पसरवते आणि तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. घरी आल्यावर अंग तपासावे. चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये.

अळी एक दिवस अचानक दिसेनाशी होईल. घाबरू नका. कोश करायला ती बहुधा झुडूप सोडून जाते. कुंपणाच्या आडव्या फळीखाली, खिडकीच्या चौकटीखाली शोधावे. सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोश लटकलेला सापडेल. आठपंधरा दिवसांनी तो पारदर्शक होऊन आतले केशरी पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी पहाटेच कॅमेरा घेऊन बसा. बाहेर येण्याचा सोहळा काही मिनिटांत आटोपतो. नंतर मात्र पंख वाळेपर्यंत फुलपाखरू बराच वेळ तेथेच लटकून राहते, तेव्हा चहा घेऊन आलात तरी चालेल.